एकाच वजनाचे तीन तुकडे

बी.एड.ची मुलं इंटर्नशिपला आली की आमच्या स्टाफरूममध्ये चहाचे कप वाढतात आणि आमचे तास कमी होतात. यंदा विज्ञानासाठी माझ्याकडे जी छात्राध्यापिका आली, ती मूळची उत्तर प्रदेशातल्या देवरिया जिल्ह्यातली. वडील शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत मोल्डर. ती लहान असतानाच सगळं घर कोल्हापूरला आलं. घरात भोजपुरी आणि शाळा मराठी माध्यमाची, कारण खोलीपासून चालत जाता येईल अशी तेवढीच होती. पुढं केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी., मग सीईटी, मग बी.एड. सांगायला दोन ओळी पुरतात. पण सतत खोल्या बदलणाऱ्या माणसानं अधिवास दाखल्यासाठी पंधरा वर्षांच्या वास्तव्याचे पुरावे जमवायचे, आणि लाइट बिल तर कायम घरमालकाच्या नावावर! तिची ती फुगलेली प्लास्टिकची फाइल मी बघितली आहे.

तिला दहावीचा ‘उष्णता’ हा धडा दिला होता, त्यातली विशिष्ट उष्माधारकता. प्रयोग जुनाच आहे. लोखंड, तांबं आणि शिसं यांचे समान वस्तुमानाचे गोळे उकळत्या पाण्यात ठेवायचे आणि मग एकदम मेणाच्या जाड थरावर सोडायचे. तिघांचं तापमान सारखंच, तरी लोखंड सगळ्यात खोल जातं, तांबं त्याहून थोडं कमी आणि शिसं सगळ्यात कमी. कारण एक ग्रॅम लोखंड एक अंशानं तापायला साधारण ०.११ कॅलरी घेतं, तांबं ०.०९ आणि शिसं फक्त ०.०३; हीच त्यांची विशिष्ट उष्माधारकता. जेवढी उष्णता घेतली, तेवढीच मेणाला मिळणार.

आमच्या कपाटातला संच पुरवठादाराच्या कृपेनं समान आकाराच्या गोळ्यांचा आहे. तो घेऊन केलं की लोखंड आणि तांबं जवळजवळ सारखंच खोल जातं, कारण तांब्याची घनता मुळात जास्त, म्हणजे तेवढ्याच आकारात वजन जास्त. म्हणून बहुतेक ठिकाणी हा प्रयोग फळ्यावरच्या आकृतीतच होतो. हिनं आल्या आल्या ते गोळे तराजूत घातले आणि म्हणाली, “सर, हे मापाला एक आहेत, वजनाला नाहीत.”

पाठाच्या दिवशी फडक्यात बांधून तिनं तीन दांडकी आणली. लोखंडाचं आणि तांब्याचं उद्यमनगरातल्या लेथवर कापून घेतलेलं. शिसं वडिलांनी पळीत वितळवून वाळूच्या साच्यात ओतलेलं, त्याच्या अंगावर वाळूचा खरखरीतपणा तसाच होता. प्रत्येकी दोनशे ग्रॅम. लोखंडी दांडकं पाच सेंटिमीटरच्या थोडं वर, शिशाचं साडेतीनच्या आसपास. व्यास मात्र तिघांचा एकच, अडीच सेंटिमीटर.

“गोळे का नाही केलेस?” मी विचारलं.

“वजन एक ठेवलं की गोळे लहान-मोठे होतात, सर. मग मेणावर टेकणारी जागा बदलते. पप्पा म्हणाले, गोल बार घे, लांबीत काय ते बघ.”

प्रयोगाची अशी मांडणी मी कुठल्या कॅटलॉगमध्ये बघितलेली नाही.

मागच्या बाकावर तिच्या कॉलेजचे निरीक्षक बसले होते. इलेक्ट्रिक शेगडीवर पातेलं, थाळ्यात मेणबत्त्या वितळवून केलेला जाड थर. चिमट्यानं तिन्ही दांडकी उभी ठेवली. लोखंड सरसर रुतलं, तांबं त्याच्या मागोमाग, शिसं जेमतेम टेकल्यासारखं झालं आणि थांबलं.

“मॅडम, असं कसं? शिसं तर लई जड असतंय!” तिसऱ्या बाकावरचा एक जण उभाच राहिला.

मला वाटलं, आता ती आकडे लिहील. तिनं दांडकी बाहेर काढली, गार पाण्यात बुडवली, पुसली आणि त्याच्या हातात दिली. मग तराजू पुढं सरकवला. त्यानं उलटसुलट करून वजनं केली. शेजारच्याचा विश्वास बसेना, म्हणून त्यानंही केली. वजन सारखं निघाल्यावर वर्गात जो कालवा झाला तो थांबेना. ‘जड’ म्हणजे वजन की घनता, यावर दोन बाकांचं भांडण. एकानं भट्टीत काम करणाऱ्या काकाचा दाखला दिला, तर तिनं त्यालाच फळ्यापाशी बोलावून हिशोब करायला लावला. शिशाच्या वाट्याला लोखंडाच्या पाव हिश्शाहून थोडीच जास्त उष्णता येते, हे त्या पोरानं खडूनं काढलं.

आणि घंटा झाली. पाठाच्या टाचणातले शेवटचे टप्पे, उपयोजन आणि मूल्यमापन, राहून गेले. निरीक्षकांनी ‘वेळेचे नियोजन’ या रकान्यात गुण कापले. नियमाप्रमाणं त्यांचं बरोबर असेल. पण मुलं भांडत असताना घड्याळाकडं बघून ‘आता गृहपाठ लिहून घ्या’ म्हणणारे शिक्षक आपल्याकडं आधीच भरपूर आहेत, हे मी त्यांना चहा घेताना सांगितलं. ते हसले, गुण मात्र बदलले नाहीत.

तिला त्याचं फार वाटलेलं दिसलं नाही. टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, पेपर दोन, त्यातला गणित-विज्ञान विभाग, त्याची पुस्तकं आत्ताच पिशवीत असतात. तिची चिंता वेगळीच होती: राहिलेला भाग कधी घ्यायचा? भूगोलाच्या सरांना मी त्यांचा तास मागितला. बरीच कुरकुर करून त्यांनी शुक्रवारचा चौथा दिला.