तुम्ही विचारलंत म्हणून: रोमुवाचे लोक आणि चर्च

सुट्टीला नाशिकला आले की कुणी ना कुणी विचारतंच. "अगं, तुमच्या लिथुआनियात अजून अग्नी पूजणारे, झाडं पूजणारे लोक आहेत म्हणे. ते ख्रिश्चनांवर खार खाऊन असतील ना?" विचारणाऱ्याला 'हो' ऐकायचं असतं, हे मला दर वेळी जाणवतं. दूर कुठेतरी आपल्यासारखेच लोक आहेत आणि त्यांचं भांडणही आपल्यासारखंच आहे, असं काहीतरी.

राजधानी विल्नियसमध्ये मी ज्यांच्याकडे भाड्याने राहते त्या बाई पक्क्या कॅथलिक. दर रविवारी चर्चला जाणाऱ्या. त्यांची मुलगी रोमुवाची. रोमुवा म्हणजे बाल्टिक समुद्राकाठच्या या देशात ख्रिस्ती धर्माच्या आधी जो धर्म होता, त्याचं आजचं रूप. तिला 'पेगन' म्हटलेलं फारसं आवडत नाही. तो शब्द लॅटिनमधून आला, मूळ अर्थ खेड्यातला माणूस, आणि तो चिकटवला दुसऱ्यांनी. ती स्वतः 'बाल्टिक श्रद्धा' म्हणते.

साम्यं खूप आहेत, ती मी नाकारत नाही. देवाला द्येवास, दाताला दान्तीस, अग्नीला उग्नीस. चुलीतल्या अग्नीची देवी गाबिया, तिला चिमूटभर मीठ वाहतात. घराजवळच्या बिनविषारी सापाला पूर्वी दूध ठेवायचे, मारायचे नाहीत. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला घरची नागपंचमी आठवली आणि रात्री आईला फोन केला. पण शब्द जुळले म्हणजे भांडणंही जुळतात असं नाही.

राग आहेच. लिथुआनिया हे युरोपात सगळ्यात शेवटी ख्रिस्ती झालेलं राज्य. ट्युटॉनिक सरदारांनी, म्हणजे जर्मन धर्मयोद्ध्यांच्या संघाने, धर्माच्या नावाखाली तिथे पिढ्यान् पिढ्या स्वाऱ्या केल्या. अखेर १३८६ मध्ये राजा योगाइलाने पोलंडच्या राणीशी लग्न करण्यासाठी बाप्तिस्मा घेतला आणि १३८७ मध्ये राज्याला ख्रिस्ती केलं. पवित्र अग्नी विझवले, पूजेतले साप मारून टाकले, असं पुढच्या शतकातल्या एका पोलिश धर्मगुरूनेच लिहून ठेवलंय. घरमालकीणबाईंची मुलगी हे सांगत होती तेव्हा बोलता बोलता थांबली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. सहाशे वर्षं झालीत. तरीही.

आणि तरी तिच्या पूजेत मंत्रांच्या जागी जी लोकगीतं असतात, ती जपली कुणी? एकोणिसाव्या शतकात हजारो गाणी गावोगाव ऐकून उतरवून घेणारे आंतानास युश्का कॅथलिक पाद्री होते. हे मला तिनेच सांगितलं, आणि त्यांचं नाव तिने आदराने घेतलं. सोव्हिएत काळात तर जुन्या धर्माचे आणि चर्चचे, दोघंही एकाच जात्यात भरडले गेले. १९६७ मध्ये केर्नावे गावाच्या टेकड्यांवर काही तरुणांनी उन्हाळ्यातल्या सर्वांत छोट्या रात्रीचा जुना सण पुन्हा सुरू केला. त्यांच्यातले योनास त्रिंकूनास, जे पुढे रोमुवाचे मुख्य पुरोहित झाले, त्यांची विद्यापीठातली नोकरी गेली. पुढच्या वर्षांत चर्चवरच्या अत्याचारांची टिपणं चोरून छापणारेही तुरुंगात गेले, त्यांत पाद्रीही होते.

म्हणून मी विचारणाऱ्यांना सांगते, ख्रिस्तावर त्यांचा राग नाही. त्यांना खुपतं ते 'खरा धर्म एकच' हे म्हणणं, आणि त्याहून जास्त खुपतं सरकारने ते म्हणणं उचलून धरणं. १९९५ च्या कायद्याने तिथे नऊ धर्मसमुदायांना 'पारंपरिक' ठरवलं. त्यात सुन्नी मुसलमान आहेत, ज्यू आहेत, अगदी मूठभर उरलेले कराईम, म्हणजे ज्यूंपासून वेगळा धरलेला एक छोटा समुदाय, तेही आहेत. जुन्या बाल्टिक धर्माला मात्र त्यात जागा नाही. त्याखालचा दर्जा सरकारी मान्यतेचा. तो मागितला तर २०१९ मध्ये संसदेने, म्हणजे सेइमासने, नाकारला. मतदानाआधी कॅथलिक बिशपांच्या परिषदेने खासदारांना विरोधाचं पत्र पाठवलं होतं. रोमुवाचे लोक युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेले आणि २०२१ मध्ये जिंकले. भेदभाव झाला, असा स्पष्ट निकाल. तरी २०२३ मध्ये प्रस्ताव पुन्हा पडला. या सगळ्या वर्षांत मुलीने त्या यादीतल्या एकाही धर्माचं नाव काढून टाका म्हटलेलं मी ऐकलं नाही. आम्हालाही मोजा, एवढंच.

सगळीकडचे पेगन असे आहेत असं मात्र समजू नका. इंग्लंड-अमेरिकेत बरेच जण ख्रिस्ती घरातून बाहेर पडलेले असतात, त्यांचा राग बालपणातला, घरचा असतो. आणि काही टोळकी जुन्या देवांची चिन्हं मिरवत परक्या वंशाच्या माणसांचा द्वेष करतात. आपल्याकडच्या कुणी 'शत्रूचा शत्रू' म्हणून त्यांच्याकडे आशेने बघू नये, कारण त्यांच्या लेखी परके आपणच.

२०२४ च्या १२ डिसेंबरला सेइमासने रोमुवाला मान्यता दिली. त्यानंतर बाराव्या दिवशी कूचोस, म्हणजे नाताळच्या आदल्या रात्रीचं जेवण. बाईंनी मला दर वर्षीसारखं खाली बोलावलं. टेबलावर आधी गवत पसरायचं, त्यावर पांढरं कापड, मग बारा पदार्थ, मांस नाही, दूध नाही. खसखशीच्या दुधात भिजवलेले छोटे पाव मला फार आवडतात. एक ताट रिकामं, घरातल्या गेलेल्यांसाठी. त्या ताटाकडे बघून मला दर वर्षी पितृपक्षातलं आमचं घर आठवतं. बाई म्हणतात हे आमचं ख्रिस्ती जेवण, मुलगी म्हणते हे त्याच्याही आधीचं. वाद होतो, पण तो जेवण झाल्यावर.

बाईंनी प्रार्थना म्हटली, चर्चमधून आणलेली पातळ पोळी मोडून प्रत्येकाच्या हातात दिली. मुलीनेही घेतली. मग ती उठली, शेगडीचं झाकण उघडलं, गाबियाला मीठ वाहिलं. बाई तोवर चमचा खाली ठेवून थांबल्या.

मग म्हणाल्या, "आता तुझं लग्न तुमच्या पुरोहिताने लावलं तरी सरकार मानेल ना?"

"हो."

"मग मी काय घालून येऊ ते सांग. आगीजवळ उभं राहायचं असेल तर ती नायलॉनची शाल नको."