खंडाळ्याची वाळलेली फांदी

आज मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातल्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहालयात, गेले होते आणि अजून डोक्यातून जात नाहीये. पिवळट जाड कागदावर दाबून वाळवलेली कारवीच्या झुडपाची फांदी, पानं तपकिरी पण शिरा एकेक मोजता येतील अशा, खाली कोपऱ्यात लेबल. ब्लॅटर स्वित्झर्लंडचे, जेझुइट (एका कॅथलिक संघाचे) फादर, कॉलेजचे प्रिन्सिपल झाले तरी झाडं सोडली नाहीत, १९३४ ला वारले. नंतर स्पेनहून आलेले फादर सांतापाव, त्यांनी खंडाळ्याचं रानन् रान नोंदवून ठेवलं, पुढे बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियाचे डायरेक्टर, १९६७ ला पद्मश्री. आपण खंडाळ्याला भजी खाऊन परत येतो हो! ही माणसं पावसात चिखल तुडवत गवताची पातीसुद्धा वेचत होती. खरंच भरून आलं. पावसाळ्यात आईला खंडाळ्याला घेऊन जाणार आहे, कारवी दाखवायला.