रियुनियन बेट आणि पाठीवरचा पंप

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात भूगोल शिकवतो. शाळेत पृथ्वीगोल आहे, पण त्याचा स्टँड मोडलेला, त्यामुळे तास सुरू झाला की एक पोरगा तो मांडीवर धरून बसतो. साहित्य म्हणाल तर एवढंच.

ऑगस्टमध्ये नववीला प्रतिरोध पाऊस शिकवायचा होता, म्हणजे डोंगराला अडून हवा वर चढते, थंड होते अन् वाऱ्याकडच्या उतारावर पडतो तो. पुस्तकात सह्याद्रीचं चित्र अन् चार बाण, आमच्या पोरांनी ना सह्याद्री पाहिला ना समुद्र. म्हणून मी रियुनियन घेतलं. हिंदी महासागरातलं, मादागास्करच्या पूर्वेचं फ्रान्सच्या ताब्यातलं ज्वालामुखीचं बेट, मधला डोंगर 3,000 मीटरच्या वर, म्हणजे सगळा मामला एका परातीत मावतो. काळी माती अन् मुरूम कालवून डोंगर केला, भोवती निळीचं पाणी. ही काळी माती ज्या खडकाची झाली त्याचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीखालच्या ज्या तप्त ठिपक्यातून आला, त्याच्यावरच आज रियुनियन उभं आहे असं भूशास्त्रवाले मानतात. हे सांगितलं की पोरं परातीकडं वेगळ्याच नजरेनं बघतात, मला ते फार आवडतं.

आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे म्हणून त्या कोपऱ्यात टेबल फॅन (लाइट होती, नशीब), आणि पाऊस म्हणून फवारणीचा पाठीवरचा पंप. एका पोराला आदल्या दिवशी सांगितलं होतं, चांगला खंगाळून आण. खरं तर यात हवा वर चढून थंड होत नाही, ते तोंडानंच सांगावं लागतं. पण नोझल पंख्यापुढं धरला अन् दोन मिनिटांत पूर्वेच्या उतारावर ओघळ पडले, सेंट-रोझकडची बाजू चिखल झाली, पश्चिमेला सेंट-ल्यूकडची माती कोरडीच्या कोरडी. मी सांगितलं, या बेटावर 1966 च्या जानेवारीत 24 तासांत 1,825 मिलिमीटर पडलाय, जगाचा रेकॉर्ड. मागून आवाज आला, "आपल्या वर्षाच्या पावसाहून जास्त!" बरोबर होतं.

त्यातच पंपवाल्या पोरानं विचारलं, "सर, मंग इकडच्या लोकाइले पानी कुठून भेटते?" मी उत्तर जुळवतच होतो तेवढ्यात पुढच्या बाकावरची मुलगी नाक धरून म्हणाली, औषधाचा वास येतोय.

येतच होता. पंखा सुरू, खिडक्या पावसामुळं लावलेल्या, आणि तो तुषार मी पहिल्या तीन बाकांवर मारत होतो. सगळ्यांना बाहेर काढलं, हातपाय साबणानं धुवायला लावले, दोघींचं डोकं दुखत होतं म्हणून उपकेंद्रात नेलं, काही झालं नाही. पण 2017 साली आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसेक माणसं गेली, हे इथं कोणाला सांगावं लागत नाही. मला तर मुळीच नाही.

मुख्याध्यापक म्हणाले, सर, पुस्तक वाचून दाखवलं असतं तर काय बिघडलं असतं. दहा वर्षांत त्यांनी दुसरं काही केलेलं नाही, तरी त्या दिवशी त्यांचंच बरोबर होतं. पालकांपैकी एकही भांडायला आला नाही, त्याचा मला जास्त त्रास झाला.

पोरगा रडत होता, "तीनदा खंगारला सर." खोटं बोलत नव्हता. औषधाच्या टाकीला तीनदा पाणी फिरवून काय होतं, हे कळायला हवं होतं ते मला, आणि साधं झाकण उघडून वास घ्यायचंही मला सुचलं नाही.

रात्री त्याच्या प्रश्नाचं उत्तर शोधलं. पूर्वेकडचं पाणी डोंगराच्या पोटातून बोगदे खणून पश्चिमेला आणलंय, त्यावर किनाऱ्याचा ऊस भिजतो. आमच्याकडं कॅनॉल नकाशावर आहे, शेतापर्यंत यायचाय.

तो आता मागच्या बाकावर बसतो, पृथ्वीगोल धरायला पुढं येत नाही. उत्तर तयार आहे, अजून दिलेलं नाही.