गिअरबॉक्स दोन वीकेंडांत, शाफ्टला सात आठवडे

इंजिन काढून, नवा गिअरबॉक्स जोडून, सगळं परत जागेवर ठेवायला मला दोन वीकेंड लागले. त्यानंतर गाडी सात आठवडे गॅरेजमध्ये जागची हलली नाही, कारण गिअरबॉक्स आणि मागच्या ॲक्सलच्या मधला चार फुटांपेक्षाही कमी लांबीचा शाफ्ट आला नव्हता. ज्यांना हे काम करायचं आहे त्यांनी बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, शाफ्टबद्दलचं मात्र नक्की वाचा.

गाडी १९७१ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातली, १७९८ सीसीचं इंजिन, चार गिअर, ओव्हरड्राइव्ह (वरच्या गिअरमध्ये इंजिनचे फेरे कमी करणारा जोडभाग) नाही. ॲक्सलचा रेशो ३.९०९ (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे तेवढे फेरे) असल्यामुळे चौथ्या गिअरमध्ये ताशी ७० मैलांच्या वेगाला इंजिन सुमारे ३,९०० आरपीएमवर फिरतं. आतल्या रस्त्यांवर याचं काहीच वाटत नाही. पण मोटरवेवर तासभर चालवा, डोकं भणभणतं. सारखा हात गिअरकडे जातो, अजून एक हवा म्हणून.

ज्यांच्या गाडीत लेकॉक कंपनीचा ओव्हरड्राइव्ह आहे आणि तो चालतोय, त्यांनी गिअरबॉक्स बदलायच्या भानगडीत पडू नये असं मी मनापासून सांगेन. माझ्या वर्षाच्या गाड्यांतला ओव्हरड्राइव्ह चौथ्या गिअरला ०.८२वर आणतो (शाफ्टच्या एका फेऱ्याला इंजिनचे ०.८२ फेरे) आणि मी बसवलेल्या फोर्डच्या बॉक्सचा पाचवा गिअरही जवळपास तेवढाच आहे. माझ्याकडे ओव्हरड्राइव्ह नव्हता, दुसऱ्या गिअरचा सिंक्रो (गिअर न खरखरता पाडणारा भाग) गेला होता आणि बेअरिंग गुणगुणत होते. म्हणजे बॉक्स उघडायचाच होता. मग फोर्डचा पाच गिअरचा टाइप ९ बॉक्स घ्यायचं ठरवलं, १९८२ पासून फोर्डच्या सिएरा गाडीत यायचा तो.

घेण्याआधी पहिल्या गिअरचा विचार करा. चार सिलिंडरच्या गाड्यांतल्या टाइप ९चा पहिला गिअर ३.६५ आहे, एमजीबीचा ३.४४. त्यात फोर्डचा दुसरा १.९७, एमजीबीचा २.१७. म्हणजे पहिला लवकर संपतो आणि दुसऱ्यात गेल्यावर इंजिन जरा जास्तच खाली बसतं. सिग्नलवरून सुटताना हे जाणवतं. मला आठवड्याभरात सवय झाली, पण कुणाला ते खटकू शकतं.

इंजिन काढण्याबद्दल फार लिहीत नाही. एमजीबीचा गिअरबॉक्स एकटा खालून निघत नाही, इंजिनसकट वर उचलावा लागतो, हे सगळ्यांना माहीत आहे. एक गोष्ट मात्र सांगतो. इंजिनच्या क्रँकच्या टोकात पितळी रंगाची छोटी स्पिगॉट बुश असते, गिअरबॉक्समधून पुढे येणाऱ्या शाफ्टचं टोक तिच्यात बसतं. फोर्डच्या बॉक्सच्या त्या टोकाला वेगळी बुश लागते, त्यामुळे जुनी काढावीच लागते. ती घट्ट बसलेली असते आणि तिला पकडायला काहीच नसतं. मी मागच्या पोकळीत ग्रीस ठासून भरलं, भोकात बरोबर बसेल असा लोखंडी दांडा घातला आणि हातोडीने ठोकलं. पहिल्या दोन ठोक्यांना काहीच नाही. थोडं आणखी ग्रीस, परत ठोका. पाचव्या की सहाव्या ठोक्याला बुश मिलिमीटरभर पुढे आली, आणि मग ग्रीसनेच तिला हळूहळू बाहेर ढकललं. नवी बुश आदल्या रात्री इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा, ती सच्छिद्र असते आणि तेल पिते.

आता गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंतचा तो शाफ्ट.

एमजीबीच्या मूळ शाफ्टला दोन्ही टोकांना फ्लँज (बोल्टने जोडायची चकती) असतो आणि पुढेमागे सरकणारा जोड शाफ्टमध्येच असतो. टाइप ९मध्ये तसं नाही. तिथे शाफ्टच्या पुढच्या टोकाचा योक, म्हणजे नळीसारखा जोड, थेट गिअरबॉक्सच्या शेपटीत शिरतो आणि आतल्या खाचांवर सरकतो. म्हणजे पुढे फोर्डचा योक, मागे एमजीचा फ्लँज, मधे नव्या लांबीची नळी, असा शाफ्ट खास बनवून घ्यावा लागतो. लांबी ठरते ती गिअरबॉक्स बदलायच्या तुमच्या किटमधल्या बेल हाउसिंगवरून (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं कवच), कारण प्रत्येक किटमध्ये गिअरबॉक्स थोडा पुढे किंवा थोडा मागे बसतो. त्यामुळे 'एमजीबी आणि टाइप ९' एवढं सांगून कुणालाही बरोबर लांबी कळणार नाही.

मी माप नीट घेतलं होतं. चारही चाकांखाली लाकडी ठोकळे, गाडी स्वतःच्या वजनावर उभी. मागचा ॲक्सल पाट्यांच्या स्प्रिंगवर असतो, जॅकवर चाकं लोंबकळत ठेवून मोजलं तर फ्लँजची जागा बदलते आणि माप चुकतं. मुलगी टॉर्च धरून होती, मी खाली पाठीवर पडून गिअरबॉक्सच्या शेपटीवरच्या ऑइल सीलच्या तोंडापासून डिफच्या (मागच्या ॲक्सलमधल्या डिफरन्शियलच्या) फ्लँजपर्यंत मोजलं. तीनदा. तिन्ही वेळा एकच आकडा. योक पूर्ण आत ढकलून मग २५ मिलिमीटर बाहेर काढल्यावर ही लांबी हवी, असं चित्र काढून, बाण दाखवून लिहिलं आणि जुन्या शाफ्टबरोबर शाफ्ट बनवणाऱ्या वर्कशॉपला दिलं.

पाच कामाचे दिवस म्हणाले. दुसऱ्या आठवड्यात फोन केला तर नळी आली नव्हती. तिसऱ्या आठवड्यात बॅलन्सिंगचं (शाफ्ट फिरताना थरथरू नये म्हणून वजन सारखं करायचं) मशीन भरलेलं होतं. चौथ्या आठवड्यात त्यांनीच मला फोन केला, माप काय होतं विचारायला. माझा कागद सापडत नव्हता! मी फोनवर आकडा सांगायला नकार दिला आणि चित्राचा फोटो पाठवला. तेव्हा मला राग आला होता, पण तो फोटोच पुढे उपयोगी पडला.

त्यात माझी एक घाई नडली. टाइप ९ला तेल गाडीबाहेर असतानाच भरावं, बसल्यावर भरायचं भोक गाडीच्या तळातल्या बोगद्याच्या (गिअरबॉक्स बसतो त्या पोकळीच्या) भिंतीला लागतं आणि हात जात नाही, असं ऐकलं होतं म्हणून मी तेल भरूनच बसवला. पण शेपटीत योक नसेल तर तेल तिथूनच बाहेर येतं. प्लास्टिकची पिशवी आणि रबर बांधून ठेवलं, तरी ठिबकत राहिलं. सात आठवडे खाली ट्रे. तेल आधी भरा, पण शेपटीत घालायला एखादा जुना योक मिळवून ठेवा.

पाचव्या आठवड्यात शाफ्ट आला. सुंदर रंगवलेला, बॅलन्सिंगचे वेल्ड व्यवस्थित. योक आत ढकलला आणि मागचा फ्लँज डिफला टेकवायला गेलो तर टेकवायला जागाच नाही. योक आत पूर्ण बसला तरी फ्लँज अडत होता. पट्टीने मोजलं तर शाफ्ट २७ मिलिमीटर जास्त लांब. बोल्ट आवळून ओढून घेतला असता तर बसला असता, आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात गिअरबॉक्सच्या मागच्या बेअरिंगचा चुराडा झाला असता. कुणी घाईत असेल तर तेच करेल, म्हणून मुद्दाम सांगतो. योक पूर्ण आत असताना सीलच्या तोंडाशी त्यावर पांढऱ्या रंगाची रेघ मारा, शाफ्ट बसल्यावर ती सीलपासून २५ मिलिमीटर मागे यायला हवी. गाडी चाकांवर असताना रेघ सीलला चिकटली असेल तर शाफ्ट लांब आहे.

त्यांनी आधी बनवलेल्या दुसऱ्या एका एमजीबीच्या मापावर माझा शाफ्ट कापला होता. काउंटरवरच्या माणसाने मलाच ऐकवलं की सगळ्या एमजीबी सारख्याच असतात. मी फोटो दाखवला, तारीख दाखवली. मग कापून देतो म्हणाले, पण बॅलन्सिंगचे पैसे पुन्हा पडतील. मी नाही म्हटलं आणि तिथून हललो नाही. वीस मिनिटांनी मालक आले, चित्र बघितलं आणि पैसे न घेता करून द्यायचं कबूल केलं. आणखी दोन आठवडे.

बॅलन्सिंगवर एवढं का अडून बसलो ते सांगतो. पाचव्या गिअरमध्ये ७० मैलांना इंजिन ३,२००वर येतं, पण शाफ्ट ३,९००नेच फिरतो. त्याचा वेग रस्त्यावरच्या वेगावर आणि ॲक्सलवर ठरतो, गिअरवर नाही. इंजिन शांत झालं की शाफ्टची थरथर, जी आधी आवाजात बुडून जायची, ती सीटखाली स्पष्ट कळते. दोन्ही टोकांचे जॉइंट एका रेषेत आहेत ना, तेही हातात घेतल्याबरोबर बघा.

मधे आठवलं म्हणून: पाने दोन्ही लागतात. गिअरबॉक्स मेट्रिक, इंजिन आणि डिफचा फ्लँज इंची. १३चा पाना अर्ध्या इंचाच्या नटावर जवळजवळ बसतो आणि नेमका तिथेच नट गोल होतो.

नव्या बॉक्सवर स्पीडोमीटर चुकीचा वेग दाखवेल. माझ्या डायलवर १,२८० लिहिलंय, म्हणजे एका मैलाला केबलचे तेवढे फेरे. केबल मीटरपासून सोडवून टोकाला कागदाचा बाण चिकटवा, गाडी ५२ फूट साडेनऊ इंच ढकला आणि फेरे मोजा. तो मैलाचा शंभरावा भाग आहे, फेऱ्यांना शंभरने गुणलं की झालं. हा आकडा आणि मीटर दोन्ही दुरुस्तीवाल्याला द्या. आमच्याकडे ते काम चार दिवसांत, एका फोनमध्ये झालं.

विमा कंपनीला बदल कळवला, त्यांनी नोंद करून घेतली. व्ही५सीवर (ब्रिटनमधलं गाडीचं नोंदणीपत्र) इंजिनचा नंबर असतो, गिअरबॉक्सचा नसतो, त्यामुळे तिथे काही बदलावं लागलं नाही.

दुसऱ्यांदा आलेला शाफ्ट दहा मिनिटांत बसला. रविवारी सकाळी सहाला, रस्ता रिकामा असताना मोटरवेवर नेली. चौथ्यात ७०, मग क्लच, पाचवा. काटा खाली उतरला आणि वाऱ्याचा आवाज ऐकू यायला लागला, जो मी या गाडीत कधी ऐकलाच नव्हता. पुढच्या जंक्शनला वळायचं ठरवलं होतं, ते सोडून तीन जंक्शन पुढे गेलो.

पाचशे मैलांनंतर परत ठोकळ्यांवर घेऊन खाली शिरलो. पांढरी रेघ सीलपासून २५ मिलिमीटर मागे, आणि सील कोरडं. मापाचं चित्र आता गाडीच्या फाइलमध्ये, व्ही५सीच्या मागेच लावून ठेवलंय.