लाकडी कैच्यांचं वर्कशॉप आणि विमा

कोल्हापुरात दुधाळीच्या बाजूला शेड भाड्यानं घेतली आणि लाकडी छपरांचं काम सुरू केलं: खांब, तुळया, कैच्या (छपराचा भार पेलणारे त्रिकोणी सांगाडे), वासे. सागवान भरायच्या आधी विमा उतरवला. २०१९ आणि २०२१ चा महापूर बघितलेल्या माणसाला त्याचं कारण सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ४३ फुटांवर गेली की धोका पातळी. ओंडके तेव्हा जागेवर राहत नाहीत.

पॉलिसी घेतली ती 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा'. एका ठिकाणची मालमत्ता ५ कोटींपर्यंत असेल तर ती मिळते. आग, पूर दोन्ही त्यात येतं. विमा रक्कम मालमत्तेच्या किमतीपेक्षा १५ टक्क्यांपर्यंत कमी पडली तरी दाव्यात कपात होत नाही, पण त्या भरवशावर माल कमी दाखवू नका. लाकडाचे भाव चढले की रक्कम वाढवून घ्या. गिऱ्हाईकाचं लाकूड आपल्या शेडमध्ये असेल तर तेही स्पष्ट लिहून घ्या, नाहीतर ते सुटतं.

माझ्या जिवाला खरा घोर असतो कामगारांचा. तुळई चढवताना दोर सुटला तर? गोल करवतीखाली बोट गेलं तर? भरपाईची जबाबदारी मालकाची, आगीच्या पॉलिसीचा तिथं काही उपयोग नाही. म्हणून कामगार भरपाईचा विमा वेगळा. पगाराचा आकडा त्यात खराच दाखवा. कैची उभारताना शेजाऱ्याची कौलं फुटली तर त्यासाठी पब्लिक लायबिलिटी, म्हणजे आपल्या कामामुळं बाहेरच्या माणसाचं नुकसान झालं तर त्याचा विमा.

बाकी, भुसा रोज झाडा आणि वायरिंग तपासून घ्या. एजंटाकडून पॉलिसीची पूर्ण प्रत मागा. अपवादांचं पान आधी वाचा.