खातं मागायला येणारा ओळखीचाच असतो

‘मुलं गुन्ह्यांत ओढली जाऊ नयेत म्हणून शाळेत पोलिसांचं व्याख्यान ठेवलं, मुलांनी शांतपणे ऐकलं. आता पुढे काय शिकवायचं?’ शिक्षक, गणेश मंडळांचे कार्यकर्ते, सोसायट्यांचे सेक्रेटरी हे नेहमी विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

व्याख्यान जरूर ठेवा, पण तेवढ्यावर थांबू नका. मैदानात बसलेल्या चारशे मुलांना कलमं ऐकवली की गुन्हेगार म्हणजे कुणीतरी परका, दांडगट माणूस असंच त्यांना वाटत राहतं. अकरावी-बारावीतल्या पोराला गुन्ह्यात ओढणारा मात्र बहुतेक वेळा गल्लीतला दादा असतो, नाहीतर कॉलेजातला सीनियर. तो ‘गुन्हा कर’ म्हणत नाही. ‘एक छोटं काम आहे’ म्हणतो. तेव्हा तोंडून काय निघायला हवं आणि लगेच काय करायचं, याचा सराव म्हणजे खरं शिक्षण.

सुरुवात बँक खातं ‘भाड्याने’ देण्याच्या विषयापासून करा, कारण यात चांगल्या घरची, कधी कुणाच्या अध्यातमध्यात नसलेली मुलं अडकतात. मागणी साधी असते: ‘तुझं खातं पडूनच आहे ना? पैसे येतील, तू फक्त काढून द्यायचे, तुझे हजार-दोन हजार सुटतील.’ काही वेळा पासबुक, एटीएम कार्ड, चेकबुक आणि खात्याला जोडलेलं सिम असा पूर्ण संचच मागतात. येणारे पैसे कुणाच्या तरी फसवणुकीचे असतात. फसलेल्या माणसाने १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली की पैसा कुठे गेला याचा माग निघतो आणि पहिलं नाव लागतं ते तुमच्या विद्यार्थ्याचं. खातं गोठतं, परराज्यातल्या पोलिसांची नोटीस येते. शिष्यवृत्ती त्याच खात्यात जमा होत असेल तर तीही अडकते. ‘मला माहीत नव्हतं’ हे त्यानंतर चौकशीत पटवून द्यावं लागतं.

हे सांगून झालं की लगेच जोड्या लावा. तीस मुलं आणि एक तासिका पुरते. एकाने मागायचं, दुसऱ्याने नकार द्यायचा, मग अदलाबदल. पहिल्या फेरीत मुलं हमखास कारणं देत बसतात: खात्यात पैसे नाहीत, कार्ड हरवलंय. मागणारा प्रत्येक कारणावर तोड काढतो, ‘नवीन कार्ड मी काढून देतो की.’ म्हणून वाक्य आखूड हवं आणि तेच पुन्हा म्हणायचं: ‘खातं घरचे बघतात. जमणार नाही.’ यात भित्रा ठरण्याची भीती नाही, हे मुलग्यांच्या बाबतीत फार महत्त्वाचं. तिसऱ्या फेरीत मागणाऱ्याच्या बाजूला आणखी दोघं उभे करा. एकट्याला सहज देता येणारा नकार मित्रांच्या घोळक्यात जड जातो, हे मुलांना तिथेच कळतं.

मग प्रत्येकाने वहीच्या मागच्या पानावर दोन मोठ्या माणसांची नावं लिहायची. त्यातलं एक घराबाहेरचं हवं, कारण घरी सांगितलं तर फोन काढून घेतील या धास्तीने कित्येक मुलं गप्प बसतात.

अनोळखी रक्कम खात्यात आली तर? खर्च करायची नाही, स्वतःहून परतही पाठवायची नाही. बँकेच्या शाखेत लेखी अर्ज द्यायचा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घ्यायचा. खातं आधीच देऊन बसला असेल तर त्याच दिवशी कार्ड आणि सिम बंद करायचं, बँकेला कळवायचं, चॅट न पुसता त्याचे स्क्रीनशॉट काढायचे आणि पालकांबरोबर पोलीस ठाण्यात जायचं. स्वतःच फसला असेल तर पहिला फोन १९३० ला. तिथे रक्कम, वेळ आणि यूपीआय व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक विचारतात, तो ॲपमध्ये कुठे दिसतो हे वर्गातच दाखवून ठेवा. फोन जितक्या लवकर लागेल तितकी ते पैसे थोपवले जाण्याची शक्यता जास्त.

वस्तीतल्या असुरक्षित जागांचा नकाशा मुलांकडून काढून घेण्याचा उपक्रमही चांगला, फक्त एक पथ्य पाळा: नकाशात जागा येतील, माणसं नाही. अमक्याच्या घरी संशयास्पद लोक येतात, असं मुलांकडून लिहून घेऊ नका. त्यात एखाद्या निर्दोष घरावर शिक्का बसतो आणि मुलंही धोक्यात येतात. बंद दिवा, पडकी भिंत, क्लासवरून येण्याची सुनसान वाट एवढंच. दिव्याच्या खांबावर क्रमांक रंगवलेला असेल तर तो नगरपालिकेला किंवा ग्रामपंचायतीला द्यायच्या अर्जात घाला आणि आवक क्रमांकाची पोच मागून घ्या. पोच हातात असली की पाठपुरावा करता येतो.

अशा तासांनंतर एखादं मूल हळूच येऊन वेगळंच काही सांगतं. लैंगिक अत्याचाराबद्दल असेल तर पॉक्सो या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, शाळेतल्या शाळेत मिटवता येत नाही. मुलाला खोदून खोदून विचारू नका. त्याने जे शब्द वापरले तेच लिहून ठेवा आणि १०९८ या बालकांच्या हेल्पलाइनवर किंवा ११२ या आपत्कालीन क्रमांकावर कळवा.

महिन्या-दीड महिन्याने तोच सराव पुन्हा घ्या, मागणी मात्र बदला: ‘तुझ्या नावावर एक सिम काढून दे’, ‘हे पार्सल स्टँडवर पोचव’, ‘गाडी मी चालवतो, तू फक्त मागे बस.’ खात्याला नाही म्हणायला शिकलेली मुलं पार्सलला चटकन हो म्हणतात.