निळी वायर आणि निळी-पांढरी वायर

रेडिओ लावला की आवाज, मोबाईल जोडला की ठार शांतता. तीन आठवडे आमच्या गाडीची ही तऱ्हा होती. निपाणीतून निघताना आकाशवाणी कोल्हापूर खणखणीत. तवंदीच्या घाटापुढे स्टेशन खरखरायला लागलं म्हणून ब्लूटूथ लावावं, तर स्क्रीनवर गाणं आपलं सरकतंय आणि स्पीकर मुके. मग बेळगावपर्यंत टायरांचाच आवाज ऐकत जायचं.

गाडी चुलत्यांकडून घेतलेली, जुनी सेदान. तिच्या डिकीत कंपनीचाच अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे आवाज मोठा करणारा डबा, आहे. साध्या गाडीत स्टिरिओच स्पीकर वाजवतो. हिच्यात मूळ स्टिरिओ नुसता बारीक सिग्नल मागं पाठवायचा, जोर सगळा डिकीतल्या डब्याचा. मला हे तेव्हा माहीत नव्हतं. ज्यानं त्या स्टिरिओच्या जागी नवा सेट बसवला त्यालाही नसावं, कारण त्यानं निदान केलं ते असं: "सेटचं ब्लूटूथ गेलंय ओ, बदलून घ्या." तेव्हा सेट आठ दिवसांचा!

शेवटी रविवारी भाचा आला. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करतोय, त्यामुळे घरातल्या मिक्सरपासून सगळ्यावर त्याचा हक्क. बॅटरीचा निगेटिव्ह काढला दहाच्या पान्यानं, डॅशबोर्डचं पॅनेल उचकटलं प्लॅस्टिकच्या फुटपट्टीनं (दोन क्लिपा तुटल्या, त्यातली एक माझ्या घाईमुळं), आणि सेट बाहेर ओढला.

"मामा, ही वायर निळी हाय की निळी-पांढरी?"

मी चष्मा लावला. निळी. पांढरी रेघ असलेली दुसरी निळी वायर तिथंच टेप गुंडाळून मोकळी सोडलेली.

नव्या सेटच्या वायरिंगमध्ये पिवळी म्हणजे बॅटरीची कायमची १२ व्होल्ट, लाल चावीवरची, काळी अर्थिंगची, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. घोटाळा होतो तो निळ्यांचा. नुसती निळी अँटेनासाठी. बऱ्याच सेटमध्ये तिच्यावर १२ व्होल्ट येतात ते फक्त रेडिओ चालू असताना. रेघवाली असते अ‍ॅम्प्लिफायरला जागं करायला, ती सेट चालू असेपर्यंत जिवंत राहते. आमच्या डब्याला जाग आणणारी तार जोडली होती अँटेनाच्या निळीवर. म्हणजे रेडिओ बंद केला की डबा झोपणार. ब्लूटूथचा काय दोष?

बॅटरी परत लावून मल्टिमीटर धरला. रेडिओवर दोन्ही निळ्यांवर १२. ब्लूटूथवर नुसत्या निळीवर शून्य, रेघवालीवर १२. भाच्यानं माझ्याकडं असं बघितलं, जसं काही जोडणी मीच केली होती.

तार बदलली आणि फोनवरून पहिलं गाणं वाजलं. पण गाणं थांबलं की मागं स्स्स्स चालूच, आणि आवाज जरा वाढवला की फाटायचा. हे रेडिओवरही होतं म्हणे. आम्ही ते स्टेशनच्या खात्यावर टाकत होतो. कारण दुसरं होतं. सेटच्या स्पीकरच्या वायरी, म्हणजे पांढरी, करडी, हिरवी, जांभळी आणि त्यांच्या काळ्या रेघेच्या जोड्या, सरळ डब्याच्या इनपुटला दिलेल्या. आधीच मोठा केलेला आवाज पुन्हा मोठा करायचा, तर गाळ पण मोठा होणारच. त्या वायरीतली कुठलीही एक पत्र्याला धरून मोजली तर सहाएक व्होल्ट दाखवते. म्हणून काळी रेघ दिसली की अर्थिंग समजून बॉडीला जोडू नका, सेटच्या आतली आउटपुट आयसी, म्हणजे स्पीकर वाजवणारी चिप, उडते.

सेटच्या पाठीवर आरसीएचे, म्हणजे डब्याला बारीक सिग्नल द्यायचे, पुढचे-मागचे चारही सॉकेट होते, २ व्होल्टचे, रिकामे. आरसीएच्या वायरी कापल्या, आतली तार इनपुटच्या पॉझिटिव्हला, बाहेरची जाळी निगेटिव्हला. सोल्डर, वर हीटश्रिंक, म्हणजे तापवली की आवळून बसणारी नळी. स्स्स्स गेला.

गाडी चालू केली तर नवीनच प्रकार: अ‍ॅक्सिलरेटर दाबेल तशी स्पीकरमधून चढत जाणारी शिट्टी. आई दारातून ओरडली, "कुकर लावलायसा काय रे गाडीत?"

यात मात्र वेळ गेला. सेटची काळी वायर एका ब्रॅकेटला स्क्रूनं आवळलेली होती, दिसायला घट्ट. पण ब्रॅकेटवर रंग. रंगावरून अर्थिंग नीट बसत नाही, मग अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राचा, गोंगाट आरसीएच्या जाळीतून वाट काढतो. पॉलिश पेपरनं रुपयाएवढी जागा चकचकीत होईस्तोवर घासली, रिंगचा लग लावून बोल्ट आवळला. शिट्टी बंद.

बसवणाऱ्याकडं परत गेलो नाही. आता घाटात गाणं लागतं, फक्त तुटलेल्या क्लिपांमुळं ते पॅनेल खड्ड्यात करकरतं. भाचा म्हणतो, पुढच्या रविवारी बघू.